तीस किलो लादून तपासलेल्या स्टीलच्या सायकली

लांबच्या प्रवासासाठी स्टीलच्या सायकलींची तुलना करायला बसलो तेव्हा पहिलं काम सायकलीचं नव्हतंच. सामान मोजायचा हुकाचा काटा घेतला आणि एकेक वस्तू टांगली. तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग मिळून सव्वापाच किलो. स्टोव्ह, भांडी, इंधन अडीच. थंडीचे धरून कपडे साडेचार. हत्यारं, ट्यूबा, सुटे भाग अडीच. दोन दिवसांचा शिधा सव्वातीन. पाणी चार. चार पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना टांगायच्या पिशव्या) आणि हँडलबॅग रिकाम्याच साडेचार. चार्जर, कुलूप, औषधं, कागदपत्रं असं किरकोळ म्हणता म्हणता साडेतीन. बेरीज बरोबर तीस.

हा आकडा हातात आल्यावर निम्मे प्रश्न गळून पडले. साडेबारा किलोची सायकल घ्यावी की चौदाची, हा वाद तीस किलोपुढे दीड लिटर पाण्याएवढा उरतो. दुकानात सायकल उचलून बघायची आपली सवय टूरिंगच्या सायकलीला उपयोगाची नाही. रिकामी चालवून बघायचीही नाही. त्या फेरीत सगळ्याच सायकली चांगल्या वाटतात, आणि सर्वांत आखूड, सर्वांत चपळ असते ती तर जास्तच आवडते. नेमकी तीच पुढे त्रास देते.

म्हणून ओळखीपाळखीतून तीन सायकली दोन दिवसांसाठी मागून आणल्या. तिन्ही क्रोमोली स्टीलच्या. पहिली २६ इंची चाकांची, चेनस्टे (पेडलच्या मध्यापासून मागच्या आसापर्यंतची नळी) ४६० मिमी. दुसरी ७००सी मापाच्या मोठ्या चाकांची, डिस्क ब्रेकची, चेनस्टे ४४५. तिसरीही ७००सी, पण खडीच्या रस्त्यावर जोरात पळवायला बनवलेली. चेनस्टे ४३०, कॅरिअर लावायची भोकं मात्र सगळीकडे दिलेली. नावं महत्त्वाची नाहीत, कारण जे दिसलं ते या आकड्यांमुळे दिसलं. सामानाऐवजी तांदळाच्या पिशव्या आणि पाण्याचे कॅन भरले: पुढच्या चाकाशी खाली बसणाऱ्या लो-रायडर कॅरिअरवर पाच-पाच किलो, मागे नऊ-नऊ, वर दोन.

पहिली तपासणी जागेवरच करायची. मागचा पॅनिअर लावा, नेहमीचे बूट घाला, सायकल स्टँडवर धरून पेडल उलटं फिरवा. ९ नंबरच्या बुटाची टाच ४३० च्या चेनस्टेवर प्रत्येक फेऱ्यात पॅनिअरला घासत होती. पॅनिअर मागे सरकवला की टाच सुटते, पण मग वजन मागच्या एक्सलच्याही मागे जातं आणि पुढचं चाक हलकं पडतं. ४४५ वर बोटभर जागा राहिली. ४६० वर विचारच करावा लागला नाही. टूरिंग फ्रेमचा चेनस्टे लांब ठेवतात त्याचं निम्मं कारण ही टाच आहे. बाकीचं निम्मं म्हणजे वजन दोन्ही चाकांच्या मध्ये बसणं.

दुसरी तपासणी आणखी साधी. भरलेल्या सायकलीची सीट एका हाताने आणि हँडल दुसऱ्या हाताने धरून मागचा भाग डावीकडे-उजवीकडे हलवायचा. ताठ फ्रेम एकसंध हलते. ढिली असेल तर सीट आधी जाते, कॅरिअर मागून येतं, शेपटीसारखं. इथे ट्यूबच्या स्टिकरपेक्षा ट्यूबचा व्यास बोलतो. स्टील कुठलंही असो, ४१३० असो, रेनॉल्ड्स ५२० असो की ७२५, त्याचा ताठपणा जवळपास सारखाच. महाग स्टीलची ताकद जास्त म्हणून ट्यूबची भिंत पातळ करता येते, वजन वाचतं, बस. ताठपणा वाढतो तो व्यासाच्या साधारण घनाने. टॉप ट्यूब, म्हणजे सीटपासून हँडलकडे जाणारी वरची नळी, २५.४ मिमीऐवजी २८.६ ची घेतली तर तेवढ्याच जाडीत ती सुमारे ४० टक्के जास्त ताठ होते. जुन्या, देखण्या, बारीक नळ्यांच्या सायकली तीस किलोखाली नाचतात त्या यामुळे. व्हर्निअर खिशात ठेवावं आणि टॉप ट्यूब मोजावी.

तिसरी तपासणी उतारावर. सरळ, रिकामा, दिसणारा रस्ता हवा. वेग ३५-४० वर नेऊन एक हात हँडलवरून उचलायचा. पहिल्या दोन सायकली सरळ गेल्या. तिसरीचं हँडल ३८ ला थरथरायला लागलं आणि ब्रेक लावला तशी थरथर वाढली. याला शिमी म्हणतात. असं झालं तर दोन्ही गुडघे टॉप ट्यूबला घट्ट दाबायचे, सीटवरून किंचित उठायचं आणि मागचा ब्रेक हळूहळू लावायचा. हँडल आवळून धरलं की ते आणखी नाचतं. कारणं शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलली. हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, आवळला, फरक नाही. हँडलबॅग काढली, थोडा फरक. मागच्या वरच्या थैलीतले दोन किलो पुढे खाली नेले आणि पॅनिअर एक खाच पुढे सरकवले, तर ४५ पर्यंत शांत. पण मग टाच घासायला लागली. म्हणजे ती सायकल वाईट नाही, ती बारा-पंधरा किलोसाठी आहे. कॅटलॉगमधल्या ‘टूरिंगसाठी योग्य’ या शब्दांचा अर्थ सायकलीगणिक वेगळा असतो, तो असा.

आता गिअर. यात बहुतेकांची फसगत होते, कारण सगळ्यांचं लक्ष गिअर किती आहेत याकडे. मोजायचा असतो तो सर्वांत हलका गिअर. पुढच्या लहान चक्राचे दात भागिले मागच्या मोठ्या चक्राचे दात, गुणिले चाकाचा घेर. ७०० × ३८ चा घेर साधारण २.१७ मीटर. पुढे ३०, मागे ३४ असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात १.९१ मीटर, मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी ६.९ किमी. २६/३४ ला १.६६ मीटर, ६ किमी. २२/३४ ला १.४० मीटर, जेमतेम ५ किमी. यात घाटाचा हिशेब घालू. माणूस ७०, कॅरिअरसकट सायकल १५, सामान ३०, एकूण ११५ किलो. आठ टक्के चढाला हे ओढायला साधारण १०० न्यूटन जोर लागतो. म्हणजे ३०/३४ ला १९० वॅट, २६/३४ ला १६५, २२/३४ ला १४०. रोज सायकल चालवणाऱ्या साधारण माणसाला १९० वॅट अर्धा तास देता येतात. सहा तास नाही.

कोकणच्या सागरी मार्गावर हे फार लवकर कळतं. दाभोळ–धोपावे फेरीबोटीतून उतरलं की समुद्रसपाटीवरून थेट सड्यावर चढायचं, पुन्हा खाली खाडी, पुन्हा चढ. एकेक चढ लहान, पण सगळे खडे, आणि दिवसभरात त्यांची माळ लागते. मनाली–लेह रस्त्याचे चढ त्या मानाने सौम्य आहेत, पण टांगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवाच एवढी विरळ की खाली सहज निघणारे १६५ वॅट वर निघत नाहीत. म्हणून आमची रेघ अशी: भरलेल्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर एका फेऱ्यात साधारण १.६५ मीटरपेक्षा जास्त नको, आणि हिमालयात जायचं तर १.४ कडे. त्याहून हलका घेऊनही उपयोग नाही. ताशी साडेचारच्या खाली भरलेली सायकल डगमगते, त्यापेक्षा उतरून ढकललेली बरी.

४८/३६/२६ चं तीन चक्रांचं क्रँक आणि मागे ११-३४ हा जुना मेळ आजही याच कारणासाठी चांगला. आठ किंवा नऊ गिअरची चेन आणि कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) तालुक्याच्या गावात मिळण्याची शक्यता असते. बारा गिअरची मिळत नाही. हँडलच्या टोकाला बसणारे, गिअर बदलायचे बार-एंड शिफ्टर दिसायला जुनाट, पण ज्यांत फ्रिक्शनची, म्हणजे ‘टक’ न करता दांडी हवी तिथे थांबवायची, सोय असते ते सोन्यासारखे. डिरेलिअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकला, केबलचं आवरण चेपलं की ‘टक’ करून बसणारा गिअर बिनसतो. फ्रिक्शनवर टाकलं की कानाने ऐकत गिअर बसवता येतो.

रोलॉफ हबचं प्रकरण वेगळं. यात सगळे गिअर मागच्या हबच्या पोटातच असतात. चौदा गिअर, दोन गिअरमधली पायरी सगळीकडे १३.६ टक्के, एकूण पल्ला ५२६ टक्के, सगळं तेलात बंद. दर ५,००० किमीला तेल बदलायचं, बाकी चेन आणि चक्र. चिखलातून महिनोन्‌महिने जाणाऱ्याला याच्यासारखं काही नाही. थॉर्न कंपनीची नोमॅड ही सायकल त्याच्याभोवतीच बांधलेली आहे. पण किंमत आख्ख्या दुसऱ्या सायकलीएवढी, आणि हबची कड तुटली किंवा सील गळू लागलं तर वाटेत कोणी काही करू शकत नाही. एक-दोन महिन्यांच्या सहलीला आम्ही तो सुचवत नाही.

चाकांच्या बाबतीत आपल्याकडे एक खास सापळा आहे. टायरवरचा इंचाचा आकडा वाचायचा नाही, तीन आकडी मिलिमीटर वाचायचा. ७००सी म्हणजे ६२२. आपली काळी मोठी सायकल २८ × १½ ची, म्हणजे ६३५. दुकानदार ‘२८ चा आहे की’ म्हणत जो काढून देतो तो हा. हातात घेतल्यावर सारखाच दिसतो, रिमवर घातला की सगळीकडून ढिला. हवा भरताच ट्यूब बाहेर. २६ इंची एमटीबी म्हणजे ५५९, आणि तो टायर बाजाराच्या कुठल्याही गावात लटकलेला असतो. मात्र २६ × १⅜ हा ५९०, तोही चालत नाही. ७००सीच घेणार असाल तर एक घडीचा टायर तंबूच्या बाजूला बांधलेला असू द्या. रिमचं भोक मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं, म्हणजे ८.५ मिमीचं असेल तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळेचं अ‍ॅडॉप्टर पंपाला कायमचं बांधून ठेवा, हरवतंच.

उंची कमी असेल तर २६ ला आणखी एक कारण आहे. लहान फ्रेममध्ये ७००सी चाक बसवलं की वळताना पायाचा चवडा पुढच्या मडगार्डला लागतो. भरलेल्या सायकलीवर ताशी पाच किमीने चढ चढताना हँडल बरंच फिरतं, तेव्हाच हे होतं आणि माणूस पडतो. सर्ली कंपनीच्या लाँग हॉल ट्रकर या सायकलीत लहान साइझना फक्त २६ इंची चाकं असत, ती याच कारणाने. पाच फूट तीन-चार इंचांच्या माणसाने हे आधी तपासावं.

आऱ्या छत्तीस हव्यात, मागे तरी नक्कीच. आरी तुटते ती बहुधा मागच्या चाकाची, कॅसेटच्या बाजूची, हबजवळच्या वाकावर. लोक म्हणतात वजनाने तुटली. खरं तर ती ढिलेपणाने तुटते: ताण कमी असला की चाक फिरताना ती दर फेऱ्याला सैल-घट्ट होते आणि तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तशी थकते. म्हणून नवी सायकल घेतली की कारखान्यातून आलेलं चाक चांगल्या कारागिराकडून पुन्हा ताणून घ्यायचं, कॅसेटच्या बाजूला ११०-१२० किलोपर्यंत, रिमची मर्यादा बघून. मग शेजारशेजारच्या आऱ्या जोडीने मुठीत धरून पिळायच्या आणि पुन्हा चाक सरळ करायचं. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. सोबत तीन लांबीच्या दोन-दोन आऱ्या आणि कॅसेट काढायचं लहान हत्यार. ते नसेल तर कॅसेटच्या बाजूला तुटलेल्या आरीच्या जागी नवी आरी ओवताच येत नाही. हब सुट्या छर्ऱ्यांचे असतील तर पुढे ३/१६ आणि मागे १/४ इंचाचे छर्रे कुठल्याही सायकल दुकानात वजनावर मिळतात. हब जुळवायचे पातळ ‘कोन’ पाने मात्र स्वतःचे हवेत, १३ आणि १५ चे.

ब्रेकवर भांडणं होतात. व्ही-ब्रेकचे गट्टे सगळीकडे मिळतात, तार मिळते, समजायला सोपे. पण कोकणात पावसाळ्यात तांबड्या जांभ्या मातीचा राड गट्ट्यात बसतो आणि रिम किसतो. रिमच्या भिंतीवर आडवी पट्टी धरून बघा. मध्ये खोलगट दिसू लागलं की चाक बदलायची वेळ आली, नाहीतर हवेच्या दाबाने भिंत फाटते. तारेच्या डिस्क ब्रेकला हा रोग नाही. त्यात दोन्ही बाजूंचे पॅड हलणारे, उदाहरणार्थ टीआरपी स्पायर, जुळवायला सोपे. हायड्रॉलिक घ्यायचे तर तेल कुठलं ते विचारा. शिमानोत खनिज तेल लागतं, ते गावात नाही. स्रॅमच्या ज्या ब्रेकवर डॉट ४ लिहिलेलं असतं त्यांचं तेल मोटारसायकलच्या दुकानात मिळतं. एकाचं दुसऱ्यात घातलं तर सील फुगून ब्रेक कायमचा जातो.

आता ‘स्टील कुठेही वेल्ड होतं’ या वाक्याबद्दल. अर्धं खरं आहे. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ग्रिल आणि गेट जोडायचं आर्क वेल्डिंग असतं. बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) ट्यूबची भिंत मध्यावर ०.५ ते ०.६ मिमी, त्यावर आर्क लावला की सरळ भोक. गॅसवर पितळेचं वेल्डिंग करणारा शोधावा, आणि तोही ट्यूबच्या टोकाशी, जिथे भिंत जाड असते तिथेच चालतं. फ्रेमपेक्षा जास्त वेळा तुटतं ते कॅरिअर, आणि तिथे स्टीलचा खरा फायदा आहे. क्रोमोलीचं कॅरिअर तुटलं तर गॅसवाला दहा मिनिटांत जोडतो. अ‍ॅल्युमिनियमचं तुटलं की दोरी आणि बांबूची काडी. दुसरा फायदा वाकण्याचा: स्टीलचा हँगर वाकला तर पाना लावून सरळ होतो, आणि मागच्या फोर्कमधलं, हब बसतो ते अंतर १३० मिमीचं १३५ करायचं तर कारागीर ते फाकवून देतो. अ‍ॅल्युमिनियमला हे करायचं नाही. ‘स्टील धक्के शोषतं’ यावर मात्र आमचा फारसा विश्वास नाही. तीस किलो लादल्यावर धक्के शोषतो तो टायर. ३२ च्या जागी ४२ चा टायर घाला, फ्रेम कुठलीही असो.

पुढचा फोर्क, म्हणजे दुकानातला चिमटा, तोही स्टीलचा हवा आणि त्याच्या मध्यावर लो-रायडरसाठी आरपार भोक हवं. मागच्या ड्रॉपआउटवर (फ्रेमवर चाकाचा आस बसतो ती जागा) दोन स्वतंत्र भोकं असावीत, एक कॅरिअरला, एक मडगार्डला. एकाच बोल्टवर दोन्ही बसवले की बोल्ट लांब होतो, वाकतो आणि तुटतो.

मॉडेलांविषयी थोडक्यात. लाँग हॉल ट्रकर आता बनत नाही, पण वापरलेली चांगली मिळाली तर सोडू नये: ४६० चा चेनस्टे, मागे १३५ चा हब, सुट्या आऱ्या ठेवायची जागा. तिची बहीण डिस्क ट्रकर थ्रू-एक्सलवर, म्हणजे आरपार घालून आवळायच्या सुट्या आसावर गेली. चाक पक्कं बसतं, पण हरवलेला एक्सल वाटेत मिळणार नाही, जादा ठेवा. जेनेसिसची टूर द फेर रेनॉल्ड्स ७२५ ची. तिच्या ३० मॉडेलात डायनॅमो हब, दिवा आणि ट्यूबस कंपनीची कॅरिअर येत, त्यामुळे किंमत बघताना ते सगळं वजा करून बघावं. फुजी टूरिंग रेनॉल्ड्स ५२० ची, स्वस्त. वाचलेले पैसे मागच्या चाकावर घालावेत. कोना सुत्रा चालवायला यातली सर्वांत खेळकर, खडीलाही चांगली, पण गिअर आणि टाचेची जागा स्वतः तपासून घ्या. साल्साच्या माराकेशचे ड्रॉपआउट मागेपुढे सरकतात, म्हणून पुढेमागे रोलॉफ बसवायचं मनात असेल तर ती बघावी.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात दोन कामं. सीटपोस्ट काढून ग्रीस लावायचं. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या ट्यूबमध्ये गंजून एकदा अडकला की करवतीनेच निघतो. समुद्राच्या हवेत दर सहा महिन्यांनी पुन्हा. मग सीट ट्यूबमधून ‘बॉइल्ड’ जवसाचं तेल अर्धी वाटी ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंना आडवी-उलटी करायची, जास्तीचं बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या नळीच्या) तळच्या भोकातून निथळू द्यायचं आणि दोन दिवस सुकू द्यायचं. ते भोक पेंटने बुजलेलं असतं, खिळ्याने मोकळं करा.

कॅरिअरचे सगळे एम५ बोल्ट काढून निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा द्रव) लावून बसवा आणि ड्रॉपआउटच्या बोल्टला आतून नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) नट द्या, कॅसेटच्या बाजूला चेनला लागत नसेल तर. नट असला की बोल्ट मध्येच तुटला तरी आतलं टोक पकडीने धरून फिरवून काढता येतं. नसला तर तुटका तुकडा भोकात राहतो, आणि मग ड्रिलवाला शोधेपर्यंत पॅनिअर पाठीवर.